भावाच्या आवाजातलं भाषण

जबलपूरजवळच्या त्रिपुरीला मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचं बावन्नावं अधिवेशन भरलं, तेव्हा अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणले होते. त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं. व्यासपीठावर ते आडवे पडून असत, डॉक्टर जवळ असत, घरची माणसं वारा घालत. अध्यक्षीय भाषण त्यांनी लिहून आणलं होतं, पण ते उभं राहून करण्याचं त्राण अंगात नव्हतं. १० मार्चच्या खुल्या अधिवेशनात ते वाचलं त्यांचे थोरले बंधू शरच्चंद्र बोस यांनी.

वक्तृत्वाची संमेलनं आणि शिबिरं मला मनापासून आवडतात. चांगल्या वक्त्यासमोर बसून ऐकणं हे मोठं शिक्षण आहे. आवाजाची पट्टी कशी सांभाळावी, कुठे थांबावं, हात कसे ठेवावेत, मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत नजर कशी न्यावी, हे सगळं तिथे शिकवलं जातं आणि ते उपयोगाचंही असतं. पण आवाज चांगला असला की ऐकणारा त्यावरच लुब्ध होतो. विचाराने वळण कुठे घेतलं, एखादा मुद्दा आधी का आला, काय बोलायचं टाळलं, याकडे लक्ष जात नाही. म्हणून शिकणाऱ्यांपुढे मला त्रिपुरीचं हे भाषण ठेवावंसं वाटतं. त्यात वक्त्याचा आवाज नाही, नजर नाही, हातवारे नाहीत. लिहिलेले शब्द आणि त्यांचा क्रम एवढंच आपल्या हाती उरतं.

शिवाय हे अधिवेशनच वक्तृत्वाच्या दृष्टीने विलक्षण होतं. बोलण्याची ताकद नसलेल्या माणसाचं भाषण तिथे ऐकलं गेलं. देशातल्या उत्तम वक्त्यांपैकी एक असलेल्या जवाहरलाल नेहरूंना तिथे बराच वेळ बोलूच दिलं गेलं नाही. आणि जे गांधीजी त्रिपुरीला आलेच नव्हते, त्यांच्या इच्छेप्रमाणे वागण्याचा ठराव शेवटी मंजूर झाला. भाषण आणि सभा यांचं नातं किती गुंतागुंतीचं असतं हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जागेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती साधी जागा नाही. जबलपूरहून भेडाघाटकडे जाताना तेवर नावाचं गाव लागतं. तीच जुनी त्रिपुरी, कलचुरी राजांची राजधानी. दहाव्या शतकात संस्कृत नाटककार आणि साहित्यमीमांसक राजशेखर कनौजच्या दरबारातून इथे युवराजदेवाच्या आश्रयाला आला आणि त्याचं ‘विद्धशालभंजिका’ हे नाटक इथल्या दरबारात झालं. राजशेखर यायावर कुळातला. त्याचा पणजोबा अकालजलद हा महाराष्ट्राचं भूषण म्हणून गौरवलेला कवी होता. तेव्हा त्रिपुरीशी मराठी मुलखाचं नातं हजार वर्षांचं आहे, आणि कलचुरींचे कोरीव लेख संपादित करून तो इतिहास नीट मांडणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी हेही नागपूरचेच. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्य म्हणण्याच्या कलेवर स्वतंत्र विवेचन आहे. कोणत्या प्रांतातले लोक कसं पठण करतात, कोणाचा स्वर कुठे चढतो, याची तो बारकाईने नोंद करतो. त्याचं मत असं की रचना माणूस कशीबशी करू शकेल, पण ती म्हणून दाखवणं सरस्वती प्रसन्न असलेल्यालाच जमतं. रचना एकाची आणि वाचन दुसऱ्याचं, असा प्रसंग त्याच त्रिपुरीत पुन्हा घडावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता त्या वर्षीची परिस्थिती. २९ जानेवारीला अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि सुभाषबाबूंनी पट्टाभि सीतारामय्या यांचा दोनशेहून अधिक मतांनी पराभव केला. हा पट्टाभींपेक्षा माझा पराभव आहे, असं गांधीजींनी जाहीरपणे म्हटलं. फेब्रुवारीत वर्ध्याला कार्यकारिणीची बैठक होती, पण आजारपणामुळे अध्यक्ष येऊ शकले नाहीत, आणि पंधरापैकी बारा सदस्यांनी राजीनामे दिले. त्यांत सरदार पटेल, मौलाना आझाद, राजेंद्रप्रसाद होते, तसे आपल्याकडचे शंकरराव देव आणि वर्ध्याचे जमनालाल बजाजही होते. अधिवेशनाच्या तोंडावर गांधीजी राजकोटला उपोषणाला बसले. अधिवेशन ज्या प्रांतात होतं तो मध्यप्रांत-वऱ्हाड, राजधानी नागपूर. तिथे जुलै १९३८ मध्ये डॉ. ना. भा. खरे यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागून रविशंकर शुक्ल आले होते, त्याला वर्षही झालं नव्हतं. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हाही सुभाषबाबूच होते. मराठी आणि हिंदी भागांतली तेढ, डावे आणि उजवे यांच्यातला अविश्वास, आणि अध्यक्ष एकटे. अशा मंडपात हे भाषण वाचलं गेलं.

स्वागताध्यक्ष शेठ गोविंददास यांनी तयारी मोठी केली होती. विष्णुदत्त नगर या नावाने वसाहत उभारली होती. बावन्नावं अधिवेशन म्हणून बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली. तीत अध्यक्षांऐवजी त्यांची तसबीर होती. जबलपूर शहरातली कमानिया गेट ही या अधिवेशनाची आठवण म्हणून उभारलेली वेस आजही बाजारात उभी आहे.

भाषण सुरू होतं ते आभारांनी. पुन्हा निवडून दिल्याबद्दल आणि केलेल्या स्वागताबद्दल. पण तिथेच एक हळुवार वाक्य येतं: माझ्या विनंतीवरून तुम्हाला नेहमीच्या थाटमाटात काही काटछाट करावी लागली, तरी त्यामुळे स्वागताचा जिव्हाळा जराही कमी झालेला नाही, अशा अर्थाचं. यजमानांनी महिनोन्‌महिने खपून केलेली तयारी ज्याच्यासाठी होती तो माणूस अंथरुणावर होता. त्यांची हौस अपुरी राहिली, याची जाणीव अध्यक्षांनी पहिल्याच परिच्छेदात ठेवली. सभेत बोलणाऱ्याला हे भान असलं की निम्मं काम झालेलं असतं.

त्यानंतर लगेच, कुठल्याही राजकीय मुद्द्याला हात घालण्याआधी, ते राजकोटच्या उपोषणाचा उल्लेख करतात. गांधीजींचं तिथलं काम सफल झालं आणि उपोषण सुटलं याचा आनंद व्यक्त करतात, आणि तोही तुमच्या सर्वांच्या भावना मी बोलून दाखवतो आहे, अशा शब्दांत. ही जागा पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. ज्यांच्याशी उघड मतभेद झाला आहे त्यांच्याबद्दलचा आदर सुभाषबाबू वैयक्तिक म्हणून मांडत नाहीत, सगळ्या सभेच्या वतीने मांडतात. अध्यक्ष हा सगळ्यांचा असतो, त्याला मत न दिलेल्यांचाही, हे त्यांनी एका वाक्याच्या रचनेतून दाखवलं. आपल्या निवडीने दुखावलेल्या माणसांना पहिल्या मिनिटातच आत घेतलं.

यापुढचा परिच्छेद मला या भाषणातला सर्वांत देखणा वाटतो. हे वर्ष नेहमीसारखं नाही, असं ते म्हणतात आणि मग एकामागून एक घटना सांगत जातात. निवडणूक नेहमीच्या साच्यातली नव्हती. तिच्यामागून कार्यकारिणीच्या बारा सदस्यांचे राजीनामे आले. इथे ते पटेल, आझाद आणि राजेंद्रप्रसाद यांची नावं घेतात. नेहरूंनी रीतसर राजीनामा दिला नसला तरी त्यांच्या निवेदनामुळे तो दिल्यासारखंच सर्वांना वाटलं, हेही सांगतात. मग राजकोट आणि प्राणांतिक उपोषण. आणि सगळ्यांत शेवटी, त्याच ओघात: आणि अध्यक्ष त्रिपुरीला आले ते आजारी होऊन. तेव्हा यंदाचं अध्यक्षीय भाषण लांबीच्या बाबतीतही रूढीपेक्षा निराळं असलं तर ते प्रसंगाला शोभूनच दिसेल, असा निष्कर्ष ते काढतात.

या बांधणीकडे नीट पाहावं. फूट झाकलेली नाही. मंडपातला प्रत्येक जण ज्या गोष्टीबद्दल कुजबुजत होता ती अध्यक्षांनी नावानिशी आणि आकड्यानिशी सांगून टाकली. पण नावांपुढे एकही शेरा नाही. कोणी बरोबर केलं, कोणी चूक केलं, याबद्दल एक विशेषणही नाही. मग आपल्या दुखण्याला त्यांनी या यादीत जागा दिली ती शेवटची, आणि तीही तृतीयपुरुषी. ‘मी आजारी आहे’ असं म्हटलं असतं तर सहानुभूती मागितल्यासारखं झालं असतं. ‘अध्यक्ष आजारी होऊन आले’ असं म्हटल्याने ती त्या असाधारण वर्षातली आणखी एक घटना झाली. आणि या सगळ्यातून निघालेला निष्कर्ष किती साधा, की भाषण लहान असेल! दुखण्याने लादलेली मर्यादा त्यांनी भाषणाच्या घाटाचं कारण म्हणून वापरली. मला यात धैर्य दिसतं आणि कारागिरीही.

लहान म्हणजे किती, ते आदल्या वर्षीच्या भाषणाशी ताडून पाहिलं की कळतं. फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याला त्यांनी केलेलं अध्यक्षीय भाषण म्हणजे एक प्रबंधच होता. साम्राज्यांचे उदयास्त, स्वातंत्र्यानंतरचं नियोजन, लोकसंख्या, राष्ट्रभाषा, लिपीचा प्रश्न, परराष्ट्र संबंध असा त्याचा विस्तार. ते भाषण अभ्यासकांना आजही पुरतं. त्रिपुरीच्या भाषणात यातलं जवळजवळ काहीच नाही. ते थोड्या पानांत संपतं आणि एकाच मागणीपाशी पोचतं. मला दोन्ही भाषणांबद्दल आदर आहे, पण सभेत उभं राहून काय बोलावं हे शिकायचं असेल तर मी त्रिपुरीचं उचलेन.

इजिप्तच्या वफ्द पक्षाचं शिष्टमंडळ पाहुणं म्हणून आलं होतं. त्याचं स्वागत करून भाषण युरोपकडे वळतं. हरिपुऱ्यानंतर जगात काय काय घडलं? सप्टेंबर १९३८ मधला म्युनिचचा करार, नाझी जर्मनीपुढे फ्रान्स आणि ब्रिटनची शरणागती, स्पेनमधल्या प्रजासत्ताक सरकारची होत चाललेली पिछेहाट, सोव्हिएत रशियाला युरोपच्या राजकारणातून बाजूला काढण्याचे डाव. पण सुभाषबाबू इथे माहिती देत बसत नाहीत. हे सगळं करून फ्रान्स आणि ब्रिटनच्या पदरात काय पडलं, असा प्रश्न ते टाकतात. या दोन्ही साम्राज्यांची ताकद आणि पत दोन्ही घसरली आहेत, एवढं उत्तर त्यांना हवं असतं. ते मिळालं की युरोपचं काम संपतं. कीर्तनकार जसा पूर्वरंगात एक सूत्र मांडून ठेवतो आणि उत्तररंगातल्या आख्यानाला ते नेमकं कुठे लागणार हे त्याला आधीच माहीत असतं, तसं हे आहे. जो तपशील पुढे उपयोगी पडणार नाही तो त्यांनी घेतलेला नाही.

मग भाषणाचं मर्म येतं. स्वराज्याचा प्रश्न उभा करून ब्रिटिश सरकारपुढे राष्ट्रीय मागणी निर्वाणीच्या खलित्याच्या रूपात ठेवण्याची वेळ आली आहे, असं ते म्हणतात. उत्तरासाठी ठरावीक मुदत द्यायची. मुदतीत उत्तर आलं नाही, किंवा असमाधानकारक आलं, तर आपल्याकडे असलेलं बळ वापरायचं. ते बळ म्हणजे सामुदायिक कायदेभंग, सत्याग्रह. देशभर दीर्घकाळ चालणाऱ्या सत्याग्रहाला तोंड देण्याच्या स्थितीत आज ब्रिटिश सरकार नाही. युरोपचं प्रकरण इथे येऊन जुळतं.

पण या मागणीपेक्षाही मला मोलाचा वाटतो तो तिच्या आधीचा एक प्रश्न. १९३५ च्या कायद्याने संघराज्याची योजना आखलेली होती. प्रांतिक स्वायत्ततेचा भाग १९३७ मध्ये अमलात आला, संघराज्याचा भाग राहिला होता. काँग्रेसमधली सगळी चर्चा चालायची ती सरकारने ही योजना आपल्यावर लादली तर काय करायचं याची. खुद्द सुभाषबाबूंनी निवडणुकीत उचललेला मुद्दाही तोच होता. त्रिपुरीत ते म्हणतात की योजना कधी लादली जाईल हा आता प्रश्नच राहिलेला नाही. ती लादलीच गेली नाही तर काय करायचं? युरोपात शांतता नांदेपर्यंत ती सोयीस्करपणे काही वर्षं बासनात बांधून ठेवली तर? शांतता एकदा पक्की झाली की ब्रिटन साम्राज्याच्या बाबतीत कठोर होणार, आणि आपण मात्र कधी न येणाऱ्या शत्रूची वाट बघत बसलेले असणार.

मुरलेल्या वक्त्याची ओळख मला इथे पटते. सभेसमोर आधीपासून एक प्रश्न असतो आणि सगळे त्याच्याच उत्तरावर भांडत असतात. चांगला वक्ता त्यांतल्या एका उत्तराची बाजू जोरात मांडतो. त्याहून मोठा वक्ता प्रश्नच फिरवून दाखवतो. त्याला आवाज चढवावा लागत नाही. हे वाक्य शरच्चंद्रांनी कसं वाचलं असेल ते आपल्याला ऐकता येत नाही, पण कागदावरही त्याचं वजन जाणवतं, कारण ते ऐकणाऱ्याला आपली वाट पाहण्याची सवय एकदम उघडी पडल्यासारखं करतं.

अजून वेळ आलेली नाही असं मानणारे काँग्रेसमध्ये आहेत, याचं दुःख होतं, असं ते पुढे म्हणतात. दुःख म्हणतात, दोष देत नाहीत. आणि निराशेला कारण नाही हे दाखवायला तीन गोष्टी पुढे ठेवतात: आठ प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आहेत, ब्रिटिश हिंदुस्थानात लोकांची चळवळ फोफावली आहे, आणि संस्थानांमधली प्रजा कधी नव्हती इतकी जागी झाली आहे. तिसरी गोष्ट ऐकणाऱ्याला पुन्हा राजकोटपाशी आणते, कारण राजकोट हे संस्थानच. जे उपोषण सफल होऊन सुटल्याबद्दल भाषणाच्या सुरुवातीला आनंद व्यक्त केला ते आता सुभाषबाबूंच्याच युक्तिवादाला बळ देतं. ते हा दुवा बोलून दाखवत नाहीत. संस्थानांतल्या कामाबद्दल हरिपुऱ्याच्या ठरावाने घातलेली बंधनं फेरविचारास घ्यावीत, हे काम कार्यकारिणीने पद्धतशीर हाती घ्यावं आणि त्यात गांधीजींचं मार्गदर्शन मिळवावं, असं मात्र स्पष्ट सांगतात.

सत्तेमुळे आपल्यात शिरलेला भ्रष्टाचार आणि दुबळेपणा काढून टाकणं, किसान आणि कामगार संघटनांशी जवळून सहकार्य करणं, हे मुद्दे दोन-चार वाक्यांत येऊन जातात. तिथे भाषण जरा यादीसारखं होतं. ताप असलेल्या माणसाची घाई त्यात जाणवते, आणि हे मुद्दे त्यांच्या मनाला किती जवळचे होते हे माहीत असल्याने ती घाई खटकते.

शेवट पुन्हा मंडपातल्या वातावरणाकडे येतो. मतभेदांचं मळभ दाटलं आहे, पण असं आधीही झालं होतं, असं म्हणून ते १९२२ च्या गया काँग्रेसची आठवण काढतात. तिथे कायदेमंडळात जायचं की नाही यावरून फूट पडली, देशबंधू चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला, आणि पुढे काँग्रेस त्यातून सावरली. देशबंधू, मोतीलालजी आणि देशाचे इतर थोर सुपुत्र या पेचप्रसंगी आपल्याला प्रेरणा देवोत, आणि आजही आपल्यात असलेले महात्माजी काँग्रेसला या गुंत्यातून बाहेर काढोत, अशी प्रार्थना करून भाषण थांबतं.

दाखला धीर देणारा आहे. पण गयेचे अध्यक्ष चित्तरंजन दासच होते, त्यांची भूमिका तिथे हरली आणि त्यांनी अध्यक्षपद सोडलं, हे मंडपातल्या जुन्या प्रतिनिधींना आठवत असणारच. दास सुभाषबाबूंचे राजकीय गुरू. शिष्य अध्यक्ष होऊन गुरूच्या पेचात सापडला आणि त्याने आधार म्हणून नेमका तोच प्रसंग निवडला. समेटाच्या आशेसाठी काढलेल्या आठवणीत राजीनाम्याची शक्यताही दडलेली होती. मला वाटतं, हे सुभाषबाबूंना कळत होतं. गांधीजींचं नाव सुरुवातीला आणि अखेरीला येतं आणि त्यांच्या मधे गांधीजींच्या धोरणापेक्षा वेगळा कार्यक्रम मांडलेला आहे, ही रचनाही सहज झालेली नाही. मतभेद आदराच्या कुशीत ठेवला तर तो ऐकला जाईल, असा त्यांचा विश्वास असावा.

पण या भाषणात एक मोठी उणीव आहे आणि ती सांगितल्याशिवाय त्याचं मोल नीट ठरणार नाही. निवडणुकीच्या वादात सुभाषबाबूंनी असं सुचवलं होतं की काँग्रेसच्या उजव्या गटातले काही नेते संघराज्याच्या योजनेवर सरकारशी तडजोड करायला तयार होतील. जुने सहकारी दुखावले ते यामुळे. त्रिपुरीत त्यांना त्याबद्दल ऐकायचं होतं. आरोप मागे घेतो, किंवा कायम ठेवतो आणि ही त्याची कारणं, असं काहीतरी. भाषण त्याबद्दल गप्प आहे. संघराज्याचा प्रश्न फिरवून टाकताना त्या वादाचा विषयही मागे पडला, पण झालेली जखम तशीच राहिली. राजकीय बुद्धीने पाहिलं तर ते मौन शहाणपणाचं होतं. श्रोत्यांच्या मनाच्या बाजूने पाहिलं तर भाषणातली सर्वांत महत्त्वाची जागा रिकामी राहिली. इतक्या सौजन्याने रचलेलं भाषण ज्यांच्यासाठी होतं त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, याचं एक कारण मला इथे दिसतं.

त्या रिकाम्या जागेतच गोविंद वल्लभ पंतांचा ठराव उभा राहिला. कार्यकारिणीच्या सदस्यांवर घेतल्या गेलेल्या आक्षेपांबद्दल खेद, गांधीजींच्या धोरणावर विश्वास, आणि अध्यक्षांनी नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी ही विनंती. विषय नियामक समितीत तो मंजूर झाला. खुल्या अधिवेशनात यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे यांनी अध्यक्षांच्या प्रकृतीचा विचार करून हा प्रश्न अखिल भारतीय समितीकडे सोपवावा असं सुचवलं. प्रकृती बरी नसलेल्या माणसावर या घडीला निर्णय लादू नये, ही त्यांची माणुसकीची दृष्टी मला फार भावते. त्यावरून गोंधळ माजला. नेहरू बोलायला उभे राहिले तेव्हा बंगालच्या प्रतिनिधींनी घोषणा देऊन त्यांना बोलू दिलं नाही. ध्वनिक्षेपक होता, वक्ता तयारीचा होता, बोलायला हातात मुद्दे होते, आणि समोरच्या माणसांनी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. १२ मार्चला ठराव मंजूर झाला. समाजवादी गट तटस्थ राहिला.

ज्यांच्या इच्छेनुसार सगळं व्हायचं होतं ते गांधीजी राजकोटला होते. त्रिपुरीत त्यांनी एक शब्दही उच्चारला नाही. वीस वर्षं देशभर हिंडून, लोकांमध्ये राहून, उपोषणं करून जो विश्वास त्यांनी कमावला होता तो तिथे त्यांच्या वतीने बोलत होता. वक्तृत्व शिकवताना आपण भाषणाची तयारी भाषणाच्या आदल्या रात्रीपासून धरतो. त्रिपुरीत दिसतं की सभेत ऐकल्या जाणाऱ्या शब्दांची तयारी कितीतरी आधी, सभेच्या बाहेर झालेली असते. सुभाषबाबूंच्या मागेही त्याग होता: त्यांनी आय. सी. एस. सोडली होती, वर्षानुवर्षं तुरुंग भोगला होता, आणि म्हणूनच ते निवडून आले होते. पण त्या तीन दिवसांत तोल दुसरीकडे झुकला.

शरच्चंद्रांबद्दल एक गोष्ट मनातून जात नाही. १९३२ मध्ये हे दोघे भाऊ मध्यप्रांतात शिवनीच्या तुरुंगात आणि मग जबलपूरच्या तुरुंगात एकत्र होते. त्याच जबलपूरजवळ सात वर्षांनी धाकट्या भावाचं अध्यक्षीय भाषण थोरला वाचत होता. दुसऱ्याच्या भाषणातला ‘मी’ आपल्या तोंडाने उच्चारणं अवघड असतं. वाचणारा त्यात आपला राग मिसळू शकतो, आपली आर्जवं मिसळू शकतो. शरच्चंद्र नाणावलेले बॅरिस्टर, दुसऱ्याची बाजू मांडण्यात मुरलेले, आणि त्रिपुरीत भावाला मिळालेल्या वागणुकीने ते किती व्यथित झाले होते हे त्यांनी नंतर गांधीजींना लिहिलेल्या पत्रातून कळतं. त्या मनःस्थितीत एकाही कडवट शब्दाचा आधार नसलेलं भाषण वाचून दाखवायचं, ही राजशेखराला अभिप्रेत असलेल्या पठणाहून वेगळी, पण तितकीच अवघड गोष्ट होती.

अधिवेशनानंतर जामाडोबा या ठिकाणी विश्रांती घेत असताना सुभाषबाबूंनी आपल्या विचित्र दुखण्याबद्दल एक लेख लिहिला. एप्रिल १९३९ च्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये तो आला. त्रिपुरीत त्यांचा आजार खरा आहे का याचीच काही जणांना शंका होती, आणि तिथल्या वातावरणाने त्यांच्या मनाला किती क्लेश झाले, हे त्यात त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून अनोळखी माणसांनी पाठवलेली औषधं, अंगारे, ताईत यांचीही आठवण त्यात आहे. भाषणात आवरून धरलेलं सगळं तिथे बाहेर आलं. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले की त्या भाषणासाठी किती संयम लागला असेल ते कळतं. २९ एप्रिलला कलकत्त्यात त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि ३ मे रोजी फॉरवर्ड ब्लॉकची घोषणा केली.

त्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला महायुद्ध पेटलं. ११ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी संघराज्याच्या योजनेची तयारी स्थगित केल्याचं जाहीर केलं. त्रिपुरीत सुभाषबाबूंनी विचारलं होतं की योजना बासनात गेली तर आपण काय करणार. युरोपात शांतता नांदेपर्यंत ती बाजूला ठेवली जाईल, असं त्यांनी धरलं होतं; प्रत्यक्षात युद्धानेच तिला मागे टाकलं. प्रश्न त्यांनी मांडला होता तसाच, सहा महिन्यांनी, काँग्रेसपुढे येऊन ठेपला. त्याचं उत्तर ठरवायला काँग्रेस कार्यकारिणी पुन्हा वर्ध्यालाच जमली आणि सुभाषबाबू आता तिचे सदस्य राहिले नव्हते.